कोळंबीच्या सालांची पिशवी: मातीत विरते, पण धुवणाचं काय?

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल किंवा घरी भांडी घासत, आजचा विषय जरा वासाचा आहे. कोळंबीचा कचरा. हो, बरोबर ऐकलंत.

कोळंबीच्या सालांपासून प्लास्टिक, मातीत टाकलं की गायब, अशी एखादी रील तुम्ही पाहिली असेलच. मी पॉलिमरच्या लॅबमध्ये काम करते, अशा फिल्म स्वतः बनवते. त्यामुळे मैत्रिणी विचारतात, "हे खरं असतं का गं?" खरं असतं. पण रीलमध्ये अर्धीच गोष्ट येते. उरलेली अर्धी आज ऐका.

किलोभर कोळंबी सोलली की डोकी आणि सालं मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम बाजूला पडतं. घरी ते ओल्या कचऱ्यात जातं. पण ससून डॉकला किंवा रत्नागिरीकडे, जिथे कोळंबी सोलून पुढे पाठवतात, तिथे त्याचे ढीग होतात. त्यातलं काही खाद्यात किंवा खतात जातं. बाकीचं कुजतं, आणि तो वास सोलणाऱ्या बायकांच्या आणि शेजारच्या वस्तीच्या वाट्याला येतो.

आता सालात असतं काय? तीन मुख्य गोष्टी. एक, कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूतला चुना. दोन, प्रथिनं. तीन, कायटिन नावाचा चिवट पॉलिमर. कायटिन पहिल्यांदा सापडलं १८११ मध्ये, तेही अळंब्यांत! फ्रान्सच्या आंरी ब्राकोनोने ते वेगळं केलं. कायटिनवर रासायनिक प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. ते पाण्यात विरघळत नाही, पण सौम्य आम्लात विरघळतं. पातळ केलेलं व्हिनेगरसुद्धा चालतं.

पुढचं काम कोकणातल्या कुणालाही कळेल. आंबापोळी कशी करतो? ताटात रस पसरायचा, वाळवायचा, अलगद सोडवायचा. फिल्मचंही तसंच. कायटोसानचं द्रावण सपाट भांड्यात ओतायचं, थोडं ग्लिसरीन घालायचं आणि वाळवायचं. ग्लिसरीन विसरलात तर फिल्म पापडासारखी मोडते.

मग यात प्रथिनं कशाला? माशाच्या कातडीतून जिलेटिन निघतं. त्याची फिल्म छान पारदर्शक होते, पण पाण्यात टिकत नाही. कायटोसान मिसळलं की दोघं एकमेकांना धरून ठेवतात, फिल्म जास्त टिकाऊ होते. शिवाय कायटोसानवर धन प्रभार असतो आणि जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते जिवाणूंना चिकटतं आणि त्यांची वाढ रोखतं. फळं, मासे जास्त दिवस ताजे ठेवायला याचा उपयोग होतो.

आता रीलमध्ये न दिसणारा भाग. सालातून कायटिन काढताना नेहमीच्या पद्धतीत आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना घालवतात. मग कॉस्टिक सोड्याने प्रथिनं धुतात. शेवटी कायटिनचं कायटोसान करायला ४०-५० टक्के तीव्रतेचा कॉस्टिक सोडा, तोही गरम. प्रत्येक टप्प्यानंतर धुवायला भरपूर पाणी लागतं. हे धुवण नीट शुद्ध न करता खाडीत सोडलं, तर पिशवी मातीत विरेल, पण खाडीतला मासा मरेल. आणि गंमत बघा, इथे वाहून जातात ती प्रथिनंच! म्हणजे घरातलं फेकायचं आणि फिल्मसाठी बाहेरून विकत आणायचं.

याला उपाय आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. दही लावतो ना, तसे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू सालांत वाढवायचे. आम्लाने चुना सुटतो, एन्झाइमांनी प्रथिनं सुटतात. हे प्रथिनांचं पाणी खाद्यात जाऊ शकतं, शुद्ध केलं तर फिल्मसाठीही वापरून बघता येतं. वेळ जास्त लागतो, कायटिन तेवढं स्वच्छ निघत नाही, आणि शेवटच्या टप्प्यातला कॉस्टिक बहुतेक वेळा टळत नाही. तरी आम्ल आणि सोडा बराच वाचतो.

दुसरा रस्ताही आहे. इंग्लंडमध्ये लूसी ह्यूज या विद्यार्थिनीने माशांची कातडी, खवले आणि लाल शेवाळ वापरून 'मरिनाटेक्स' नावाची फिल्म केली. २०१९ मध्ये तिला जेम्स डायसन पुरस्कार मिळाला.

एक सावधगिरी मात्र हवी. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः तिच्या प्रथिनांमुळे होते. तीच प्रथिनं आपण फिल्ममध्ये परत घातली आणि त्यात सँडविच गुंडाळलं, तर ॲलर्जी असलेल्या माणसाला ते कळणार कसं? आणि शाकाहारी माणसाला? वेष्टणावर स्पष्ट लिहिलेलंच हवं. शाकाहारींसाठी बुरशीपासून केलेलं कायटोसान मिळतं, तोही पर्याय आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'बायोडिग्रेडेबल' म्हणून काही विकायला आलं, तर तीन प्रश्न विचारा. हे कुठे आणि किती दिवसांत विरतं? बनवताना निघालेलं पाणी कुठे जातं? आणि कचरा आता कच्चा माल झालाय, तर त्याचे पैसे सोलणाऱ्या बाईला मिळतात का? मला सगळ्यात जास्त ऐकायचंय ते तिसऱ्याचं उत्तर.

तुमच्या गावात, बंदरावर या सालांचं काय होतं? व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कोळंबी खा, आणि सालं फेकायच्या आधी एकदा त्यांच्याकडे नीट बघा!