कलापथकाचा खर्च कोणी केला?

(इंदापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पुणे-सोलापूर रस्त्याने इंदापूर ओलांडून जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असते, की २९ ऑगस्ट १९६९ रोजी याच परिसरात मोटार-अपघातात शाहीर अमर शेख यांचा अंत झाला? त्याच्या बरोबर सहा आठवडे आधी, १८ जुलैस, मुंबईत अण्णा भाऊ साठे गेले होते. त्या दीड महिन्यात लाल बावटा कलापथकाचे दोन खांब कोसळले. तिसरे द. ना. गव्हाणकर, त्यांचे नाव तर आज कार्यकर्त्यांच्याही ओठी क्वचितच येते. या तिघांवर भाषणे पुष्कळ होतात. त्यांत आवाज, प्रतिभा, त्याग या शब्दांची रेलचेल असते आणि ते शब्द खोटे नाहीत. पण मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले असल्यामुळे मला प्रश्न पडतो तो निराळा. या कलापथकाचा खर्च कोण करीत होते, आणि खर्च करणाऱ्याचा गाण्यावर काय परिणाम होत होता?

बारामतीकरांस हा प्रश्न नवा वाटू नये. अठराव्या शतकात मोरोपंत बारामतीस राहिले ते नाईकांच्या आश्रयाने. पंतांची आर्या कितीही घोटीव असो, तिच्यामागे सरदार-सावकाराचे घर उभे होते, आणि त्या घराच्या उत्पन्नाच्या हिशेबावर आर्या रचली जाण्याचा संभव नव्हता. सोलापूरच्या राम जोशींची लावणी पंतांना आवडली, अशी कथा आपल्याकडे सांगतात. पण ती लावणीही कोणाच्या तरी बिदागीवरच जगली. पुढे तमाशाचा फड आला. त्याचा आश्रयदाता बदलला, आश्रयाची रीत मात्र तीच राहिली. हंगामापूर्वी सावकाराकडून उचल घ्यायची, जत्रांच्या सुपाऱ्या धरायच्या, आणि पावसाळ्यात पुन्हा कर्जात बुडायचे. आपल्या जिल्ह्यात नारायणगावच्या राहुट्यांत अजूनही अशा सुपाऱ्या ठरतात. ज्याच्या उचलीवर फड चालतो त्याच्याविरुद्ध वग रचणे फडमालकास परवडत नाही, इतके साधे हे गणित आहे.

ते प्रथम मोडले सत्यशोधकांनी. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात भटभिक्षुकीचा समाचार भरला. १९३०च्या दशकापासून आंबेडकरी जलशांनी, विशेषतः भीमराव कर्डकांच्या जलशाने, तेच हत्यार अस्पृश्यतेविरुद्ध वापरले. तेव्हा १९४४ साली लाल बावटा कलापथक स्थापन झाले तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती. नवे होते ते गाणाऱ्यांचे मजूरपण. अण्णा भाऊ साताऱ्याकडील वाटेगावचे, मातंग कुटुंबातले. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. मुंबईस येऊन मिळेल ते काम करीत ते गिरणीत आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात पोहोचले. त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी एक त्या कॅम्पातील डासांवर होती, हे मला फार बोलके वाटते! पुढे स्टालिनग्राडवर पोवाडा रचणारा कवी आधी आपल्या खोलीतल्या डासांवर रचतो. अमर शेख बार्शीचे. मूळ आडनाव पटेल, नाव मेहबूब. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संपाच्या निमित्ताने विसापूरचा तुरुंग, आणि तेथे कम्युनिस्ट विचारांशी ओळख. गाणे त्यांना आईकडून, मुनेरबीकडून मिळाले होते.

आता या पथकाचा जमाखर्च मांडून पाहा. भांडवल म्हणाल तर डफ, तुणतुणे, ढोलकी आणि काही तगडे गळे. पडदे नाहीत, नेपथ्य नाही, रंगमंदिराचे भाडे नाही. गिरणीच्या दारात, चाळीच्या पटांगणात, शेतकरी परिषदेच्या मांडवात खेळ व्हावयाचा. निधीसाठी झोळी फिरे, स्वस्त पुस्तिका विकल्या जात. खर्च इतका अल्प होता की कोणाही धनिकास आपली थैली मिटून हे पथक बंद पाडता आले नसते. त्यास थांबविण्याचा एकच मार्ग उरत होता आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तोच पत्करला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाच्या त्या काळात तमाशावर बंदी आली, आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही आली.

या बंदीने एक विचित्र फळ दिले. तमाशा म्हणावयाचे नाही, तर अण्णा भाऊंनी त्यास लोकनाट्य म्हटले. पण पालट निव्वळ नावाचा नव्हता. तमाशाच्या गणात गणपतीचे स्तवन असते. अण्णा भाऊंच्या गणात मातृभूमीस आणि तिच्यासाठी खपणाऱ्या-मरणाऱ्यांस वंदन आले. गवळण वगळली गेली. वगात राजाराणीऐवजी सावकार, मंत्री, शेटजी आणि संपकरी उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही नावेच पाहा; यांतील एकही नाव आज जुने झालेले नाही, याची खंत करावी की मौज वाटून घ्यावी, हे मला कळत नाही.

येथे आपल्या घरातले एक प्रकरण टाळता येत नाही. १९४२च्या लढ्यात समाजवादी भूमिगत होते आणि कम्युनिस्ट पक्ष महायुद्धास लोकयुद्ध म्हणत होता. त्यामुळे लाल बावट्याच्या डफाकडे आपल्या मंडळींनी बराच काळ संशयाने पाहिले. आपले राष्ट्र सेवा दलाचे कलापथक वेगळे होते: वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांचे, सुसंस्कृत, नेटके, मध्यमवर्गास जवळचे. पु. ल. देशपांडे यांनी त्याच्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, तर अण्णा भाऊंचे एक लोकनाट्य ‘पुढारी मिळाला’ या नावाचे. शीर्षके शेजारी ठेवली तरी दोन पथकांमधील अंतर समजते. आपल्या पथकातून निळू फुले आले, दादा कोंडके आले, राम नगरकर आले, आणि लोकनाट्य शहरी रंगभूमीवर तिकिटे विकू लागले. त्यांच्या कर्तबगारीस मी उणे लेखीत नाही. १९६५च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने राजसत्तेची खिल्ली उडवलीच. तथापि तिकीटबारी हाही एक आश्रयदाता असतो, आणि त्याची आवड संपकऱ्याच्या आवडीहून भिन्न असते.

दोन्ही प्रवाह एका मंचावर आले ते ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीमुळे. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे बोलत आणि त्यांच्या आधी शाहीर गात. अमर शेखांचा आवाज अफाट सभेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचे. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातली. तिला आपण प्रेमगीत म्हणून ऐकतो, मग प्रांतरचनेचे रूपक म्हणून. मी तिच्याकडे स्थलांतराचा दस्तऐवज म्हणूनही पाहतो. पुरुष मुंबईस श्रम विकण्यास जातो, कारण गावात त्याच्या श्रमास किंमत नाही. बायको मागे राहते, कारण मुंबईच्या मजुरीत कुटुंब वसविण्याचा खर्च धरलेला नाही. मालक मजूर विकत घेतो आणि मजुराचे घर चालविण्याचा बोजा गावावर ढकलतो. अर्थशास्त्राच्या ग्रंथात या गोष्टीस बरीच पाने लागतात.

परवा एका तरुण साथीने मला विचारले, की हे सारे जुने झाले नाही का. बंडखोर संगीत म्हणजे आता पाश्चात्त्य पंक रॉक. प्रश्न चांगला होता, म्हणून मी थोडी माहिती काढली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेकार, वैतागलेल्या तरुणांनी गिटार-ड्रमवर मोजके सूर धरून आरडाओरड्याच्या भाषेत व्यवस्थेस शिव्या घातल्या, ते पंक. कॅनडातील व्हॅन्कूवर शहरी १९७८ साली डी. ओ. ए. हे पथक निघाले. त्यांच्या १९८१च्या ‘हार्डकोर ८१’ या तबकडीमुळे एका संपूर्ण प्रकारास हार्डकोर हे नाव रूढ होण्यास मदत झाली. १९८३ साली ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली कामगारांच्या हक्कांवर घाला घातला. तेव्हा तेथील संघटनांनी मोठा लढा उभारला आणि या पथकाने सार्वत्रिक संपाच्या समर्थनार्थ तबकडी काढली. त्यांचा म्होरक्या जो कीथली हा २०१८ साली बर्नबी शहराचा नगरसेवक म्हणून ग्रीन पक्षातर्फे निवडून आला.

साम्य उघड आहे: वाद्ये थोडी, भांडवल नगण्य, संपाशी नाते, आणि बोलण्याहून कृतीस मान. भेद अधिक शिकवणारा आहे. तेथे पथकाजवळ तबकडी होती. ती स्वतः काढून स्वतः विकता येई, आणि त्यामुळे एकच पथक चाळीस वर्षे आपल्या नावावर टिकले. आपल्या पथकाजवळ विकण्यासारखी वस्तू नव्हती, पुस्तिका सोडल्या तर. त्याचा माल म्हणजे सभा, आणि सभा संपली की माल संपला. पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि पथक मावळले. अण्णा भाऊंनी लेखणी कादंबरीकडे वळविली; ‘फकिरा’ १९५९ साली आली, तीस राज्य पुरस्कार मिळाला, १९६१ साली ते रशियास जाऊन आले आणि परतले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह निघाले, चित्रपटांतून त्यांनी कामे केली.

मग वारसा कोठे गेला? माझ्या मते तो तीन ठिकाणी वाटला गेला. आकृतिबंध बाजाराने घेतला, त्याविषयी बोललोच. माणसे शासनाने घेतली: १९८५ साली अण्णा भाऊंच्या नावाने विकास महामंडळ, २००२ साली टपाल तिकीट, २०२२ साली मॉस्कोत पुतळा. ज्या सरकारी यंत्रणेने एकेकाळी गाण्यावर बंदी घातली तिनेच गाणाऱ्याचा पुतळा उभारला. यात नवल नाही, पुतळा गात नाही. राग मात्र तरुण पथकांकडे गेला. विलास घोगरे या शाहिराने ११ जुलै १९९७च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर जीवन संपविले, आणि आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा बोलपट त्या मृत्यूपासून सुरू होतो. संभाजी भगतांनी जलसा चालू ठेवला. गुजरातच्या २००२च्या दंगलींनंतर पुण्यात कबीर कला मंच निघाला. त्याच्या सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप या कलावंतांस २०२० साली एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. मलिका अमर शेख यांची कविता हीही त्याच घराची, परंतु आपल्या स्वतंत्र वाटेने चालणारी.

आता आपल्या तालुक्यांकडे येतो. १८८५ सालचा नीरा डावा कालवा, वालचंदनगरचा कारखाना, मग सहकारी कारखाने, उजनीचे पाणी यांनी बारामती-इंदापूरचे रूप पालटले. त्यातून शाळा आल्या, दवाखाने आले, आणि रंगमंचही आले. त्या रंगमंचांचा खर्च कोण करते हे आपण सारे जाणतो. तेथे अण्णा भाऊंची जयंती होते, ‘माझी मैना’ होते, टाळ्या पडतात. गळीत हंगामात त्याच मंचापासून काही अंतरावर बीडकडून आलेली ऊसतोडीची टोळी कोपीत निजलेली असते. मुकादमाच्या उचलीवर ती आलेली आहे, जशी तमाशाची मंडळी सावकाराच्या उचलीवर निघत. नवरा-बायको मिळून एक कोयता अशी गणना. म्हणजे ही मैना गावावर राहिलेलीच नाही! ती उसाच्या फडात मोळ्या बांधते आहे, आणि गावावर राहिली आहेत म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. अण्णा भाऊंच्या छक्कडीने वर्णिलेला संसार निम्मा मोडलेला होता, हा त्याहून अधिक मोडलेला आहे. त्यावरची छक्कड माझ्या ऐकण्यात आलेली नाही.

मंचावर ती होईल असे मला वाटत नाही, आणि आपण लेखणी घेऊन टोळीच्या वतीने ती रचावी असेही मी सुचवीत नाही. मुनेरबीच्या गाण्यातून अमर शेख झाले. कोपीवरच्या बाया पहाटे अंधारात उठतात, भाकरी थापताना त्यांच्याजवळ गाणी असतातच. पुढील गळीत हंगाम सुरू झाला की भवानीनगर, सणसर, निमगाव या बाजूंस दोन-तीन साथींनी, त्यांत निदान एक बाई असावी, काम संपल्यावर जाऊन बसावे, ऐकावे, त्यांची परवानगी असेल तर लिहून घ्यावे. वह्यांचा खर्च आपण आपसांत करू. कोण जाणार ते चर्चेच्या वेळी ठरवू.