एक लिटर पेट्रोल आणि आपला हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी सांगितले, "तुम्ही आपल्या पेट्रोल-बचतीच्या स्पर्धेत पहिल्या आलात, तेव्हा त्यावर चार शब्द तुम्हीच बोला." नाही म्हणवेना. शिवाय मला आपल्यापुढे एक गोष्ट सांगावयाचीही आहे. ती शेवटी सांगते.

आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे की मी डबे पोहोचवते. घर समर्थ मंदिराजवळ आणि गिऱ्हाईके राजवाडा, सदर बझार, गोडोली अशी साताराभर पसरलेली. सकाळ-संध्याकाळ मिळून स्कूटरचे रोज 22 किलोमीटर होतात. 2021 साली पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेले, तेव्हापासून भाजीच्या हिशेबाशेजारी मी पेट्रोलचाही हिशेब लिहू लागले. डब्याचा दर चटकन वाढविता येत नाही. पोळी लहान करणे मनाला पटत नाही. मग उरते काय? गाडी!

गेल्या कार्तिकात आपल्या मंडळात ह्या स्पर्धेची कल्पना निघाली. अकराजणींनी नावे दिली. आठ दुचाकीवाल्या आणि तीन मोटारवाल्या. आता मोटार आणि स्कूटर यांची तुलना कशी व्हावी? म्हणून ठरले, की प्रत्येकीची स्पर्धा स्वतःशीच. कार्तिकात नेहमीसारखी गाडी चालवून मोजायचे, मार्गशीर्षात सुधारून मोजायचे, आणि जिची वाढ जास्त तिचा पहिला नंबर. बक्षीस एक नारळ आणि खण.

मोजण्याची रीत सोपी आहे. पंपावर टाकी भरावयाची. नळी आपोआप "टक्" करून थांबली की पुरे, वरून थेंब घालू द्यायचा नाही. किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. पुढच्या खेपेला शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरायची. जितके पेट्रोल मावले, तितके मधल्या काळात जळले. झालेल्या किलोमीटरांना त्या लिटरांनी भागायचे. एका टाकीवर विश्वास ठेवू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी काढावी. कार्तिकात माझी गाडी लिटरला 41 किलोमीटर गेली.

मग मी आमच्या गॅरेजवाल्या मामांकडे गेले. त्यांनी आधी चाकांची हवा पाहिली. मागच्या चाकात 29 हवी, तिथे 17 निघाली! मामा म्हणाले, "ताई, ही गाडी तुम्ही चालवीत नव्हता, ओढीत होता." हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो आणि इंजिनाला जास्त जोर लागतो. पण म्हणून वाटेल तितकी हवा भरू नये. टायर दगडासारखा होतो, पकड कमी होते. गाडीच्या पुस्तकात लिहिली आहे तितकीच, आणि टायर थंड असताना तपासावी. मग त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरविले. ते अर्ध्या फेरीतच थांबले. ब्रेक घासत होता. म्हणजे कित्येक महिने मी ब्रेक लावूनच गाडी हाकीत होते! हवेचा फिल्टरही धुळीने भरलेला होता, तो बदलला.

ही झाली गाडीची दुरुस्ती. दुसरी दुरुस्ती माझ्या उजव्या हाताची होती. सिग्नल सुटला की मूठ जोरात पिळायची, आणि पुढचा चौक आला की ब्रेक दाबायचा, ही माझी सवय. मामांनी ती सवय एका वाक्यात मोडली. म्हणाले, "वेग पेट्रोल देऊन विकत घेतलात, आणि ब्रेक लावून फुकट टाकलात." खरेच आहे. ब्रेक लावला की तो सगळा वेग नुसता उष्णता होऊन वाऱ्यावर जातो. म्हणून नजर लांब ठेवायची. पुढे सिग्नल लाल दिसला, एस. टी. थांबलेली दिसली, की आधीच मूठ सोडायची. निम्म्या वेळा तिथे पोहोचेपर्यंत वाट मोकळी झालेली असते.

आपल्याला हे काही नवे नाही. कुकरची शिट्टी झाली की आपण गॅस बारीक करतो. मोठ्या आचेवर भात लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते. गाडीचेही तसेच. गावात 40 च्या आसपास एकसारखी चालविली तर तीच लांब जाते. मोठ्या रस्त्यावर मोटारवाल्या भगिनींनी वाऱ्याचा विचार करावा. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. 1978 साली सरकारने पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था काढली. ती ताशी 45 ते 55 किलोमीटर हा वेग काटकसरीचा म्हणून सांगते.

आणखी एक सुधारणा वहीनेच सुचविली. मी एका गिऱ्हाइकाचा फोन आला की एक खेप, दुसऱ्याचा आला की दुसरी खेप, अशी एकच चढण दोनदा चढत होते. आता सगळ्यांच्या वेळा ठरवून एकच फेरा करते. डिकीत पडून असलेले जुने कुलूप, पाना, रद्दीची पिशवी काढून टाकली. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल, तर पाय जमिनीवर टेकून इंजिन बंद करते.

माझी मुलगी वाचणारी आहे. स्पर्धेचे ऐकून तिने मला परदेशातल्या अशा स्पर्धांची माहिती वाचून दाखविली. 1939 साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या वुड रिव्हर येथे शेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी आपापसांत पैज लावली, की एका गॅलनमध्ये कोणाची मोटार जास्त लांब जाते. जिंकणाऱ्याची मोटार जवळजवळ 50 मैल गेली. आपल्या हिशेबाने लिटरला सुमारे 21 किलोमीटर. मित्रामित्रांची ती गंमत पुढे मोठी झाली. 1985 साली फ्रान्समध्ये तिची नवी स्पर्धा सुरू झाली आणि तेथे जिंकणारी गाडी लिटरला 680 किलोमीटर गेली! 2005 साली स्वित्झर्लंडच्या विद्यार्थ्यांची हायड्रोजनवर चालणारी गाडी, लिटरभर पेट्रोलाइतक्या शक्तीवर 5,385 किलोमीटर जाईल, अशा हिशेबाला पोहोचली. ह्या गाड्या म्हणजे माशाच्या आकाराच्या, हलक्या, माणूस आत निजल्यासारखा बसतो. आणि त्यांची एक युक्ती अशी, की थोडा वेळ इंजिन चालवून वेग घ्यायचा, मग इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळू द्यायची. पुन्हा थोडे चालवायचे, पुन्हा बंद.

भगिनींनो, मला सांगावयाची गोष्ट इथून सुरू होते.

ही युक्ती माझ्या डोक्यात बसली. समर्थ मंदिरापासून राजवाड्याकडे केवढा उतार! मी उतार लागला की किल्ली फिरवून स्कूटर बंद करू लागले. गाडी आवाज न करता खाली येई आणि मला वाटे, फुकट चालले आहे. मार्गशीर्षात माझा आकडा 49 वर गेला. तुम्ही सर्वजणी विचारीत होता, "काय करता हो तुम्ही?" मी हसून म्हणत असे, "हवा तपासते." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

महिना संपावयास दोन दिवस होते. सकाळी भरलेले डबे घेऊन त्याच उतारावरून येत होते. इंजिन बंद. एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडीत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही. किल्ली बंद असली की हॉर्न वाजत नाही, मागचा लाल दिवाही लागत नाही, हे मला त्या क्षणी कळले. इंजिनाचा आवाजही नाही, तेव्हा त्यांना कळणार तरी कसे? ब्रेक दाबून मी गाडी बाजूला घेतली आणि गटाराच्या कडेला पडले. डावा हात मोडला. आमटी रस्त्यावर गेली. आजोबांना परमेश्वराच्या कृपेने काही झाले नाही. उलट त्यांनीच माझे डबे गोळा केले.

तुम्हा सर्वांना मी सांगितले, की कुत्रे आडवे आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टरमधला हात घेऊन मी आले आणि पहिल्या नंबराचा नारळ व खण ओटीत घेतला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्याच आठवड्यात ते आजोबा संत्री घेऊन घरी आले. म्हणाले, "पोरी, माझेच चुकले. मी न बघता रस्त्यात आलो." मी त्यांना चहा केला, पण खरे बोलले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता हिशेब सांगते, कारण ही हिशेबाचीच स्पर्धा आहे. सव्वा महिना डबे बंद राहिले. चौदा गिऱ्हाइकांपैकी चार कायमची तुटली. हात बरा झाल्यावर, फाल्गुनात, मी पुन्हा महिनाभर मोजले. हवा बरोबर, ब्रेक मोकळा, मूठ हलकी, एकच फेरा. पण चालत्या गाडीत किल्लीला हात लावला नाही. आकडा आला 47. म्हणजे कार्तिकापेक्षा महिन्याला दोन लिटर पेट्रोल वाचले, आणि ते सरळ मार्गाने वाचले. उतारावर इंजिन बंद करून मी जे जास्तीचे मिळविले होते, ते महिन्याला अवघे अर्धा लिटर! त्या अर्ध्या लिटरपायी एका म्हाताऱ्या माणसाचा जीव मी रस्त्यावर टांगला होता.

मोटारवाल्या भगिनींनीही ध्यानात ठेवावे. चालत्या मोटारीचे इंजिन बंद केले, की एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर तो दगडासारखा कडक होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर चाक वळविणेही जड जाते. उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांसाठी मामांनी आणखी सांगितले, की हल्लीच्या इंजेक्शनच्या मोटारी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की पेट्रोल आपोआप तोडतात. न्यूट्रल केले तर उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल त्यांना लागतेच. म्हणजे न्यूट्रल करणारी पेट्रोलही घालवते आणि इंजिनाचा आधारही घालवते.

हे सारे झाल्यावर मुलीने मला आणखी एका स्पर्धेची माहिती काढून दिली. ती आधी ऐकली असती तर बरे झाले असते. अमेरिकेत मोबिल कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी, 1936 पासून 1968 पर्यंत, मधला लढाईचा काळ सोडून, अशीच काटकसरीची शर्यत होत असे. ती साध्या मोटारींची आणि साध्या रस्त्यांवरची. बायकाही तीत मोटार हाकीत. कोणी इंजिनात काही फेरफार करू नये म्हणून त्यावर सील लावीत. आणि प्रत्येक मोटारीत एक पंच बसे. चालकाने रहदारीचा नियम मोडला की त्याला दंड होई. पाहा, म्हणजे बंदिस्त वाटेवरचा खेळ वेगळा आणि माणसांच्या रस्त्यावरची काटकसर वेगळी. फ्रान्समधल्या त्या गाड्यांपुढून कोणी दुधाची पिशवी घेऊन जात नव्हते. मी त्यांची युक्ती तेवढी उचलली आणि त्यांचा रस्ता विसरले.

आपल्या मोटारीत पंच नाही. तेव्हा पंच आपणच व्हायला हवे.

परवा मी त्या आजोबांच्या घरी जाऊन खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "हॉर्न वाजला असता तर मी थांबलो असतो." मला रागावले असते तर बरे वाटले असते.

म्हणून आज मी तो खण परत आणला आहे. नारळ तेव्हाच खाल्ला, त्याबद्दल नवा आणला आहे. दुसऱ्या नंबरावर ज्या काकू आल्या, त्यांची वाढ सरळ मार्गाची आहे. पहिला नंबर त्यांचा आहे. अध्यक्षबाईंनी तो त्यांच्या ओटीत घालावा अशी माझी विनंती आहे.

स्पर्धा मात्र बंद करू नये. ती चांगली आहे. महिन्याचे दोन लिटर म्हणजे वर्षाचे चोवीस लिटर, आणि मंडळाच्या अकराजणींनी थोडे थोडे वाचविले तरी किती होईल, ते तुम्हीच वहीत मांडा. फक्त वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहावा: चालत्या गाडीचे इंजिन जी बंद करील, तिचे नाव वहीतून कमी होईल. आणि त्या नियमाखाली पहिली सही माझी घ्यावी.