राखणदाराची वाटी



भाताच्या भावासाठी जमलेल्या बैठकीत कुत्र्यामांजरांचा विषय काढला म्हणून काहीजण हसतील. पण मुरबाड-शहापूरकडच्या आपल्या घरांत भाताची कणगी उंदरांपासून मांजर राखते आणि रात्री खळे कुत्रा राखतो. या राखणदारांना आपण काय घालतो? कुत्र्याला शिळी भाकरी, मांजराला दूधभात. तेही उरले तर.

इकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दुकानांत त्यांच्या खाण्याच्या रंगीत पिशव्या टांगलेल्या आहेत. नोकरीसाठी शहरात आलेली आपलीच मुले त्या विकत घेतात. पिशवी उलटी करून वाचा. जो घटक वजनाने जास्त, त्याचे नाव बहुधा आधी छापतात. स्वस्त मालात पुष्कळदा पहिले नाव मक्याचे किंवा गव्हाचे असते. पुढे सोयाबीनची पेंड, कोंबडीच्या मांसाची भुकटी. म्हणजे माल आपलाच. आपण तो क्विंटलच्या भावाने विकतो आणि आपलीच पोरे किलोच्या भावाने परत आणतात.

प्रक्रिया करणाऱ्याने पैसा मिळवू नये असे आम्ही म्हणत नाही. आपणही त्या धंद्यात उतरावे. पण चित्र आणि किंमत पाहून अन्न निवडू नका. २००७ साली अमेरिकेत नामांकित पिशव्या आणि डबे बाजारातून परत घ्यावे लागले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइनची भेसळ निघाली. प्रथिने नत्रावरून मोजतात आणि मेलामाइनमध्ये नत्र भरपूर; त्यामुळे तपासणीत माल कसदार दिसला. मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री-मांजरे मेली.

मग निवडायचे कसे? कुत्रा मांसाबरोबर धान्यही पचवतो. भात, अंडे, कोंबडीचे मांस, शिजवलेली भाजी त्याला चालते. मात्र नुसत्या मांस-भातात कॅल्शियम कमी पडते, वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. म्हणून पशुवैद्यकाला विचारून प्रमाण ठरवा.

मांजराचे वेगळे. त्याला टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर दृष्टी जाते हे १९७५ साली आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली संशोधकांनी दाखवले. म्हणून दूधभातावर मांजर निरोगी राहत नाही आणि कुत्र्याची पिशवी त्याला पुरत नाही. दुधाने तर पुष्कळ मोठ्या मांजरांना जुलाब होतात. सुकट-बोंबील खारट; धुऊन, थोडेच घाला.

कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट दोघांनाही नको. शिजलेल्या हाडांचे तुकडे आतडे फाडतात. आणि उंदरांना झिंक फॉस्फाइड घातले, तर मेलेले उंदीर लगेच उचलून खोल पुरा. नाहीतर कणगी राखणारे मांजर त्याच विषाने जाईल.

घामाचे दाम आपण सरकारकडे मागतो. आपल्या दारच्या राखणदाराचे दाम त्याच्या वाटीत पडतात, आणि ते द्यायला कुठल्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही.