चांगली कंपनी, पण कोणत्या भावाला?

अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं वाणिज्य शिकवलं. यंदा संक्रांतीनंतर अमरावतीहून माझा आतेभाऊ आला. वयानं मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणतो. चहा संपायच्या आतच म्हणाला, "दोन एकर इकतो अन् एका मोठ्या कम्प्युटर कंपनीचे शेअर घेतो. अमळनेरवाले करोडपती झाले, आपून काऊन नाई?"

अमळनेरची गोष्ट खरीच आहे. १९४५ साली तिथं वनस्पती तूप काढणारी कंपनी निघाली. तीच पुढं विप्रो झाली, १९८०च्या दशकात संगणकाच्या धंद्यात वाढली. ज्या घरांनी जुने शेअर जपले, त्यांच्या नातवंडांचं भलं झालं. "पण दादा," मी म्हटलं, "त्यांनी ते तुपाच्या भावानं घेतले होते. तू संगणकाच्या भावानं घेणार."

मग आम्ही कागद घेतला. समजा, अकोल्यातली एखादी डाळ मिल खर्च आणि कर जाता वर्षाला १० लाख उरवते आणि मालक २ कोटी मागतो. म्हणजे आपण २० वर्षांचा नफा आजच मोजून देतो. शेअरचंही तसंच. भावाला एका शेअरमागच्या वार्षिक नफ्यानं भागायचं. भाव ३,००० आणि नफा ६० रुपये असेल, तर उत्तर ५०. आपल्या शंभर रुपयांमागं कंपनी सध्या दोनच रुपये कमावते. पाच वर्षांत नफा दुप्पट झाला तर हाच आकडा २५ वर येईल. म्हणून खरा प्रश्न असा, की नफा इतका वाढेल याला आधार काय?

दादा म्हणाला, "कंपनी मोठी हाय, बुडत नाई." बुडायची गरजही नसते! अमेरिकेतली सिस्को ही इंटरनेटची यंत्रं बनवणारी कंपनी मार्च २००० मध्ये काही काळ बाजारमूल्यात जगात पहिली होती. शेअर ८० डॉलरच्या घरात. त्यानंतर तिची वार्षिक विक्री सुमारे १९ अब्ज डॉलरवरून २०२५ पर्यंत ५६ अब्जांवर गेली. तरी तो भाव ओलांडायला डिसेंबर २०२५ उजाडला. ज्यानं शिखरावर घेतला, त्याची उमेदीची पंचवीस वर्षं गेली.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. २००० साली स्टाफरूममधल्या गप्पांवर विसंबून मी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम अशाच एका शेअरमध्ये घातली होती. वर्षभरात निम्मीही उरली नाही. मुलांना वर्गात शिकवलेला तो एक भागाकार मी घरी केला नव्हता. फीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागलं. घरात कोणी बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा श्रोतेहो, कंपनी चांगली आहे का, हा एक प्रश्न. ती या भावाला चांगली आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सोडू नका. आणि ज्या शेतावर म्हातारपण अवलंबून आहे, ते तर या हिशेबात आणूच नका.

दादानं शेत विकलं नाही. तुरीचे पैसे आले की थोडे शेअर घेईन म्हणतो. तो कागद मात्र त्यानं घडी करून खिशात घालून नेला.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)