सातबाऱ्याच्या फाइलीचा प्रवास



आपल्या मंडणगड तालुक्यात ज्या घरातलं कोणीच मुंबईला नाही, असं घर शोधावंच लागेल. पूर्वी कागद गावच्या ट्रंकेत असत आणि ते वाचणारा मुंबईत. आता कागद गावच्या संगणकात गेले. वाचणारा मात्र अजून मुंबईतच आहे! त्याला तिथल्या मॅकवरून किंवा फोनवरून गावच्या विंडोजमधली फाइल उघडता यावी, असा फाइल मॅनेजर बनवायचा, तर खरा घाम कुठे गाळावा लागतो?

खिडक्या-बटणांत नव्हे. त्यासाठी क्यूटीसारखं तयार सामान मिळतं. फाइल पाठवण्याचे नियमही जुनेच. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ साली लिहिला अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. त्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जाई, म्हणून आज एसएफटीपी वापरायचं.

घाम गाळायला लावतात ती नावं. मॅकच्या फाइंडरमध्ये फाइलीला ‘७/१२’ नाव द्या, तो खुशाल घेतो. पण आत साठवताना तिरप्या रेघेच्या जागी अपूर्णविराम ठेवतो. लिनक्सला ती फाइल ‘७:१२’ दिसते. विंडोजला रेघही चालत नाही आणि अपूर्णविरामही. तिथे प्रत निघतच नाही. दोष कोणाचा? तिघंही आपापल्या नियमाने बरोबर.

आपला ‘ऱ’ तर आणखी खोडकर. युनिकोडमध्ये तो एक अखंड चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना त्याची फोड करते. ते नाव लिनक्सवर गेलं, आणि तिथे अखंड ‘ऱ’चं नाव आधीच असलं, की एकाच फोल्डरात ‘सातबाऱ्याचा उतारा’ दोनदा दिसू शकतो. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला त्या दोन वेगळ्या फाइली. म्हणून नावं ताडताना दोन्ही आधी एका रूपात आणायची. मूळ नाव मात्र परस्पर बदलायचं नाही. लांबीचाही घोळ आहे. लिनक्सवर नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही त्यात आलेच. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोजवर त्याहून लांब नावही आरामात मावतं.

राहिली तुटणारी लाइन. पावसाळ्यात ती अर्ध्यावर जाणार, हे गृहीत धरूनच लिहावं. येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवायची, लाइन तुटली तर जिथे थांबली त्याच बाइटपासून पुढे चालू करायची, पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकांच्या फाइलींची पडताळणीची बेरीज (चेकसम) जुळवायची आणि मगच खरं नाव द्यायचं. अर्धवट फाइल पुरी म्हणून दाखवणारा प्रोग्राम मी तरी वापरणार नाही.

इथे बसलेल्यांपैकी कोणी असं काही लिहायला घेणार असेल, तर त्याला एवढंच सांगणं: पहिली चाचणी ‘टेस्ट’ नावाच्या फाइलीवर करू नका, ‘७/१२’वर करा, आणि चालू कॉपीत वायफाय बंद करून करा.