माल आधी की पैसा आधी?



मे महिन्यात पहाटेच जंगलात जायचं, तेंदूची पानं तोडायची, ७०-७० पानांचे पुडके बांधून फळीवर मोजून द्यायचे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज बोलू ते त्यापुढचं: पैसा हाती कसा येतो.

एका हंगामात आम्ही फसलो. मजुरी मिळाली, पण रॉयल्टीची उरलेली रक्कम ठेकेदार ‘पान विकलं की देतो’ म्हणाला. आम्ही माल जाऊ दिला. दिवाळी गेली, होळी गेली, आम्ही फोनच करत राहिलो.

भीती ठेकेदारालाही असते. सगळा पैसा आधी दिला आणि पान खराब निघालं तर? पैसा आधी दिला तर जोखीम घेणाऱ्याची, माल आधी दिला तर विकणाऱ्याची.

समुद्रापार तांदूळ विकणाऱ्यापुढंही हाच पेच असतो. तिथं मधे बँक उभी राहते. घेणाऱ्याची बँक लिहून देते, ‘ठरलेले कागद दाखवा, पैसे आम्ही देऊ.’ याला म्हणतात पतपत्र. माल चढला की जहाज कंपनी कागद देते. तो दाखवल्याशिवाय माल सुटत नाही. विकणारा तो कागद बँकेत देतो आणि पैसे घेतो. बँक मात्र पोतं उघडून पाहत नाही, कागदच पाहते. कागदात चूक असली की पैसा अडतो. आणि परदेशी गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर? त्यासाठी १९५७ पासून सरकारी विमा आहे, आज त्या कंपनीला ईसीजीसी म्हणतात. ती नुकसानीचा मोठा भाग भरते, थोडा विकणाऱ्यानं सोसायचा.

आपल्याकडं असा कागद आहे? आहे! धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. परवाना नसेल तर ट्रक हलत नाही.

पुढच्या हंगामात आम्ही सभेत ठराव केला. करार लेखी. पहिल्या खेपेइतकी रक्कम आगाऊ, ग्रामसभेच्या खात्यात. पुढच्या प्रत्येक खेपेचा पैसा पासबुकात दिसला, की मगच तिचा परवाना. फळीवर मोजणीच्या वेळी ठेकेदाराचा माणूस आणि आपली बाई, दोघांची सही. म्हणजे मागून ‘पान खराब होतं’ म्हणायला जागा नाही, आणि त्यालाही भीती नाही.

त्या वर्षी भाव थोडा कमी मिळाला, पण पैसा सगळा आला.

तुमच्या गावात परवान्याचं पुस्तक कुणाच्या पेटीत असतं? येत्या सभेत एवढं नक्की विचारा.