ई.जी.एफ.आर. प्रथिनाचे आधिक्य आणि मेंदूतील गाठ
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



मेंदूतील गाठीच्या तपासणी अहवालात हल्ली 'ई.जी.एफ.आर. वाढलेले' अशी एक ओळ आढळते. ती वाचून नातेवाईक दोन प्रश्न विचारतात : रुग्ण किती काळ जगेल, आणि यावर गोळी आहे का?

हे प्रथिन पेशीच्या आवरणावर असते. वाढीचा संदेश बाहेरून आला की तो आत पोहोचविणे हे त्याचे कार्य. तो संदेश आणणाऱ्या घटकाचा शोध लावणारे स्टॅन्ली कोहेन हे १९८६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. त्याच्या आदल्याच वर्षी, ग्लायोब्लास्टोमा या घातक गाठीत या प्रथिनाच्या जनुकाच्या अनेक प्रती असतात, असे दिसून आले. निरोगी पेशीत त्या दोनच असतात. या गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये त्या कितीतरी पटींनी वाढतात. त्यांतील बऱ्याच गाठींत प्रथिनाचा खंडित प्रकारही सापडतो. दारात कोणी नसताना घंटा वाजत राहावी, तसा तो संदेशावाचूनच पेशीला विभाजनाची आज्ञा देत राहतो.

याचे निदानातील महत्त्व मोठे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सौम्य दिसली, तरी प्रौढ रुग्णात आय.डी.एच. जनुक अविकृत असून ई.जी.एफ.आर. च्या प्रती वाढलेल्या असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार तिला ग्लायोब्लास्टोमाच म्हणावे लागते. परंतु निदान निश्चित झाल्यावर त्याच ओळीवरून आयुष्याचे महिने मोजता येत नाहीत. याबाबतचे अभ्यास परस्परांशी जुळत नाहीत.

आता गोळीविषयी. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत गुणकारी ठरलेल्या जेफिटिनिब आणि अर्लोटिनिब यांनी येथे निराशा केली. फुफ्फुसात प्रथिनाचा बिघाड पेशीच्या आतील भागात असतो, मेंदूच्या गाठीत बहुधा बाहेरील भागात. शिवाय रक्त आणि मेंदू यांमधील अडसर औषधाला पुरेसे आत जाऊ देत नाही. त्या ओळीच्या भरवशावर कोणी शेत विकू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

खंडित प्रथिनावर रिंडोपेपिमट नावाची लसही तयार झाली. आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते, कारण तुलना जुन्या रुग्णांशी होती. २०१७ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान जवळजवळ सारखेच, सुमारे २० महिने, निघाले. उलटलेल्या गाठींपैकी निम्म्याहून अधिकांत ते खंडित प्रथिन उरलेच नव्हते, आणि हे लस न घेतलेल्यांतही घडले होते! एकाच गाठीतील सर्व पेशी एकसारख्या नसतात, हे त्यामागील मुख्य कारण होय.

उपचार ठरविताना अधिक उपयोगी पडते ती एम.जी.एम.टी. ची तपासणी. टेमोझोलोमाइडने पेशीत केलेली मोडतोड हे प्रथिन दुरुस्त करते. ज्या गाठींत त्याचे जनुक मिटलेले होते, त्यांत २००५ च्या अभ्यासात केवळ किरणोपचाराने मध्यक आयुर्मान १५.३ महिने होते; सोबत हे औषध दिल्यावर ते २१.७ महिने झाले. नातेवाइकांना मी अहवालातील ही दुसरी ओळ आधी दाखवितो.